मोडी वाचणारा कारकून

१९६३ साली दांडी गावात जमिनी मोजणारे फिरत होते. पालघरच्या इतिहासकार मंडळाचा कारकून चुरी ओट्यावर टेकताच हंसाबाईनं विचारलं, “मोजनीवाला हायस का?” “नाही मावशी. आमचे चिटणीस भाषणं करतात, ग्रंथपाल पुस्तकं सांभाळतात. मी जुने मोडी कागद वाचून उतरवून घेतो.” “कागद मागनारे समदे असंच बोलतात.” तरी तिनं फडक्यात गुंडाळलेला एक कागद पुढे केला. “मोठ्यानं वाच.” वाचता वाचता चुरी अडखळला. खरं सांगितलं तर ही हाकलून देईल, असं त्याला वाटलं. तरीही तो म्हणाला, “तुमच्या सासऱ्यांच्या पणज्याला गलबत लुटलं म्हणून कैदेत टाकलं होतं.” “सासूपन हेच सांगायची,” हंसाबाई म्हणाली. “आदी आलेल्यांनी शौर्याचं इनाम म्हनून वाचलं.” तिनं आतून कागदांची अख्खी पेटी आणून ठेवली. “हितंच बसून लिव. पालघरला न्यायचं नाय.”