पावडर कुणी दिली

“पाणी नको. आत पण येत नाय. आधी सांग, ही पावडर माझ्या बायकोला का दिलीस?”

चांगदेवने पिशवीतला डबा काढून जागृतीच्या ओट्यावर आपटला. झाकण उडालं आणि हिरवट भुकटी पायरीवर सांडली. शिवणाची मशीन सोडून जागृती दारात आली होती. तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“सगुणावहिनींना काय झालं?”

“परवापासनं अलिबागला ॲडमिट हाय. भाकरी थापता थापता पडली. छाती उडत होती ती पदरावरनं दिसत होती.”

जागृतीने चौकट धरली.

चांगदेव ट्रेलर चालवायचा. महिन्यातले निम्मे दिवस तो गुजरातच्या रस्त्यावर असे. थायरॉईडच्या गोळीबरोबर बाई आणखी काय घेतात, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याला उत्तर देता आलं नव्हतं. थळला घरी जाऊन त्याने स्वयंपाकघर धुंडाळलं. तांदळाच्या पिंपामागे हे डबे सापडले, एकावर एक रचलेले.

लेबल वाचून डॉक्टर चिडले होते. “यात समुद्री शेवाळ आहे, म्हणजे आयोडीन. त्याने कुणाचं थायरॉईड उधळतं, कुणाचं आणखी मंदावतं. साध्या कॅल्शियमच्या, लोहाच्या गोळ्यासुद्धा आम्ही थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायला सांगतो. आणि ही बाई न विचारता हे खात होती? कुणी दिलं?”

सगुणाला विचारलं तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण तिचा फोन चांगदेवकडे होता आणि त्यावर ‘जागृती मांडवा’ हे नाव पुन्हा पुन्हा उजळत होतं. तो घरी असतानाही हे फोन यायचे. सगुणा कापून टाकायची आणि म्हणायची, “ती बाई मागंच लागलीय.” त्याला एवढं पुरेसं होतं. त्याने मोटरसायकल काढली आणि थेट मांडवा गाठला.

आता शेजारच्या बाया कुंपणाशी जमल्या होत्या. जमल्या ते त्याला बरंच वाटलं.

“ऐका तुम्ही पण,” तो त्यांच्याकडे वळून म्हणाला. “आजारी बाई हेरायची. डॉक्टरची गोळी विषारी, आमची पावडर नैसर्गिक, असं सांगून डबे गळ्यात मारायचे. माझी सगुणा साधी बाई. आता कुठं चार बायांत उठबस करायला लागली होती. सभेत माईकवर बोलायला लागली होती. तिचं हे असं केलंत तुम्ही.”

“दादा, वहिनींना बरं वाटू दे,” जागृती हळू आवाजात म्हणाली. “मग आपण बोलू.”

“मग कशाला? मी आत्ता पोलिसात जातो. तुझ्या घरातलं कोण असं पडलं असतं, तर थांबली असतीस?”

कुंपणापलीकडची एक म्हातारी पुढे आली. “अरे, कुणाला बोलतोस तू? नीराबाई जाऊन दोन म्हैने न्हाय झाले. हिची आई.”

“राहू दे, काकी,” जागृती म्हणाली.

पण चांगदेव थांबला होता. “काय झालं होतं तुझ्या आईला?”

“थायरॉईडच होतं. वर्षानुवर्षं गोळीवर चांगली होती. मग कुणीतरी ही पावडर दिली आणि सांगितलं, आता गोळीची गरज न्हाय. आईनं ऐकलं. तोंड सुजलं, भर उन्हात गोधडी घ्यायची, बोलता बोलता झोपायची. एक दिवस उठलीच न्हाय.”

चांगदेवचा आवाज खाली आला, पण राग उतरला नाही. उलट वाढला.

“आणि एवढं होऊन तू तीच पावडर दुसऱ्यांना देतेस?”

“मी कधीच कुणाला दिली न्हाय, दादा. वहिनींना फोन करत होते ते पावडर खाऊ नका म्हणून.”

तो ओट्यावर बसला. मग तो पुन्हा उठला.

“मग जिनं तुझ्या आईला दिली तिचं नाव सांग. मी येतो तुझ्याबरोबर. बाईमाणूस म्हणून गय करायची न्हाय. भर गावात उभी करू तिला.”

“आईच्या दहाव्याला आली होती ती,” जागृती म्हणाली. “रडत होती. म्हणाली, पावडरीत दोष न्हाय, आईचं आयुष्यच तेवढं. मला सहन झालं न्हाय. मी म्हटलं, तुम्हाला पण थायरॉईड हाय ना? एवढा भरवसा असंल तर आधी स्वतः खाऊन दाखवा.”

“बरं केलंस. मग?”

“तिनं खाल्ली.”

“आणि कुठं हाय ती आता?”

“अलिबागला ॲडमिट केलंय तिला,” जागृती म्हणाली. “परवा. तुम्हीच.”