पुलावर थांबलेलं सैन्य

शाजियाचा दक्षिणेकडचा बुरूज ढासळला आणि नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही. उठली असती तर उरलेला किल्लाही राक्षसांनी पेटवला असता. या खेळात कुणी कुणासाठी थांबत नाही. तुम्ही लाकूड तोडा, सोनं खणा, जादूगार तयार करा, नाहीतर हातावर हात ठेवून बसा. शत्रू यायचा तो येतोच.

पडद्याच्या कोपऱ्यातून निळे घोडेस्वार आले. अब्बांचं सैन्य. राक्षस मागे हटले आणि खाली अक्षरं उमटली, ‘घाबरू नको, राहिल. मी आहे.’

‘शुक्रिया, अब्बा,’ शाजियाने टाइप केलं आणि ती गॅस बंद करायला धावली.

राहिल तिचा नवरा. या वेळी तो पळस्प्याला मोटारींच्या शोरूममध्ये असे. आपल्या नावाने घरी कोण लढतंय, याचा त्याला पत्ता नव्हता.

खेळ मूळचा त्याचाच. जुन्या पनवेलच्या घरात दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडून तो आणि त्याचे वडील अब्दुल्ला तासन्‌तास खेळत. अम्मी चहा घेऊन यायची आणि कप निवेपर्यंत खेळ बघत मागे उभी राहायची. शाजिया लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तिने हे पाहिलं होतं. सासऱ्यांशी तिचं बोलणं मात्र सलामापुरतंच.

मग अब्दुल्लांनी राहिलला बहारीनमध्ये नोकरी लावून दिली. तिथे त्याचा जीव रमेना. तो परत आला.

“मी तिथे शब्द टाकला होता,” अब्दुल्ला म्हणाले.

“मी तुमचा मुलगा आहे अब्बा, शब्द नाही,” राहिल म्हणाला. आपला कॉम्प्युटर उचलून तो बायकोसह नवीन पनवेलला राहायला गेला.

दोन घरांमध्ये फक्त रेल्वेचे रूळ. पण दोन वर्षं झाली, ते कुणी ओलांडले नाहीत. ईदला तेवढा अम्मीचा फोन यायचा, तोही दबक्या आवाजात.

रिकाम्या दुपारी शाजियाने एकदा सहज तो खेळ उघडला. लगेच निरोप झळकला, ‘अब्बा तुम्हाला लढाईला बोलावत आहेत.’ नाही म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण बोट थांबलं नाही.

त्या दिवशी तिचं राज्य बघता बघता बुडालं. दुसऱ्या दिवशीही. ‘आज लक्ष नाही का?’ पलीकडून विचारणा झाली. चोरी पकडली जाईल म्हणून ती ईर्ष्येने शिकली. हळूहळू किल्ले टिकू लागले. दोघांच्या फौजांनी मिळून ड्रॅगनची खिंड जिंकली तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली.

अब्बांची एक सवय तिला भारी आवडायची. लढाईचं शिंग वाजलं की ते आधी शेतातल्या गावकऱ्यांना तटाच्या आत घेत. त्यात कधी कधी डाव हातचा जाई. माणूस वरून दगड, आतून असा, ती मनाशी म्हणायची.

एकदा ऐन चढाईत अक्षरं आली, ‘जेवलास का?’

तिला हा प्रश्न आपल्यासाठी नव्हे, आपण तो चोरून वाचतोय, असं वाटलं. त्या संध्याकाळी ती राहिलला म्हणाली, “अब्बांना एक फोन करा ना.”

“त्यांनी करावा.”

“त्यांना तुमची आठवण येते.”

“तुला कुणी सांगितलं?”

शाजिया ताटं घ्यायला उठली. ईदला दोघांनाही खरं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

तेवढी सवड मिळाली नाही. दुसऱ्याच दुपारी शेवटची लढाई होती. शाजियाने दरी अडवून धरायची आणि अब्बांनी पुलावरून मागून यायचं, असं ठरलेलं. निळं सैन्य डौलात निघालं, पुलाच्या मध्यावर आलं आणि थांबलं.

‘अब्बा, पुढे या.’

घोडेस्वार जागचे हलेनात. राक्षस त्यांना उभ्या उभ्या कापू लागले. शेतातले गावकरी बाहेरच राहिले होते.

‘अब्बा?’

तिने जुन्या घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. अब्बांचं ब्लडप्रेशर तिला आठवलं. तिने राहिलला फोन केला. “असाल तसे घरी या. तुमच्या जुन्या घरी. अब्बांना काहीतरी झालंय.”

“तुला कसं कळलं?”

“आधी या, मग काय बोलायचं ते बोला.”

रिक्षा रूळ ओलांडून जुन्या पनवेलमध्ये शिरली. इमारतीखाली राहिल मोटारसायकल लावत होता, चेहरा पांढराफटक. दोघं जिना चढू लागले, तोच मागून पावलं वाजली.

डोक्यावर टोपी, हातात जपाची तसबी. अब्दुल्ला नमाज पढून, रोजच्यासारखी दुपार मशिदीत घालवून सावकाश वर येत होते. चांगले धडधाकट. मुलाला बघून ते कठड्याला धरून उभे राहिले.

“तू?” त्यांचा आवाज चिरकला.

“अब्बा, तुम्ही ठीक आहात?” राहिलने त्यांचा दंड धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. अब्दुल्लांनी तो सोडवून घेतला नाही.

शाजियाला हसू आणि रडू एकदमच आलं. “मला माफ करा अब्बा. रोज तुमच्याशी राहिल नाही, मी खेळत होते. पण आज लढाई अशी मध्येच टाकून गेलात, माझा जीवच गेला!”

“कसली लढाई?” अब्दुल्ला तिच्याकडे बघतच राहिले. “हा घरातून गेला त्या दिवसापासून मी त्या कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, बेटी.”

त्यांनी दारावरची बेल दाबली. पुन्हा दाबली आणि अम्मीला हाक मारली. “झुबेदा, अगं, दार उघड. बघ कोण आलंय!”

आतून काही हालचाल नाही. अब्दुल्लांनी खिसे चाचपून किल्ली काढली. दार उघडताच शाजिया त्यांना बाजूला सारून आतल्या खोलीत धावली.

चालू कॉम्प्युटरपुढे, उलटलेल्या खुर्चीशेजारी अम्मी फरशीवर पडली होती. श्वास चालू होता, आणि माउसची वायर मुठीत गच्च धरलेली होती.