वाघाची मिशी
अहेरीच्या बाजारातून डोमाने गंजलेला वस्तरा आणला, तसा गप्पिष्ट बाप हरखला. गंज घासून, दगडावर पाजळून, चामडी पट्ट्यावर धारही त्यानेच लावली. डोमाला तुळतुळीत चेहरा हवा होता. "दाढी कर, मिशी नाई," बाप म्हणाला. "बाप जिता हाये तवर मिशी काढत नसतेत. मी एकदा झोपल्या वाघाची काढली, तं त्याच्या मायनंच त्याले ओळखलं नाई! गुहेबाहेर रडत बसला बिचारा." डोमा हसून लोळला. यंदा बाप धानाच्या बांधावर बसल्या जागी गेला. दशक्रियेला नदीवर न्हाव्याने त्याच वस्तऱ्याने डोमाचं डोकं भादरलं, मग मिशी उतरवली. "कोणं लावली रे इतकी धार?" त्याने विचारलं. साधा ओरखडाही उठला नव्हता. घरी डोमा दाराबाहेरच थबकला. आईने त्याच्या उघड्या ओठावर हात फिरवला. "ओळखलं रे बाबू. घरात ये."