डाव्या दिव्यापाशी

पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली आणि घड्याळजींचा चेहरा पडला.

एरवी बाईसाहेब अशा उठायच्या नाहीत. घरात गाडीला हेच नाव होतं, आणि ते तिला शोभायचं. जन्मभर लोकांची घड्याळं सेकंदावर आणून देणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी नऊ वर्षांत एकदाही वेळेवर निघाली नव्हती. भंगारातून आणल्यापासून तिचा एकेक भाग त्यांनी हाताने घासून बसवला होता. शेवटचं राहिलेलं मागच्या दाराचं हँडल गेल्या महिन्यात बसलं, आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आता गाडी चालवायची नाही म्हणजे नाही.

विक्रीच्या कागदांवर सही सकाळीच झाली होती. तरी बंद गाडी कोण नेतो? ती अडून बसेल आणि ती विकत घेणारा सोफेवाला कंटाळून परत जाईल, अशी त्यांना आपली एक आशा होती. आणि आजच नेमकं तिला शहाणपण सुचलं.

"वा काका, काय आवाज आहे!" सोफेवाला म्हणाला. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि माणूस भला होता. "करा बंद आता. उगाच पेट्रोल कशाला जाळताय."

घड्याळजींनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. हल्ली ते मोठ्या अक्षरांतच लिहीत.

"हे जपून ठेवा. किल्ली लावायच्या आधी पेडल दोनदा दाबायचं. चोक अर्धा. मग दहा मोजायचे, पण सावकाश. घाई केलेली तिला खपत नाही. चढावर बंद पडली तर घाबरायचं नाही. बोनेट उघडायचं आणि पाच मिनिटं वारा लागू द्यायचा."

सोफेवाल्याने कागद शेवटपर्यंत वाचला. मग जरा ओशाळून म्हणाला, "काका, खरं सांगू का, याची गरज नाही पडणार. दुकानाच्या काचेमागे उभी करणार आहे. दोन्हीकडे सोफे, मधे गाडी. लोक थांबून बघतील."

"बरं. आणि चालवणार कधी?"

"चालवणार कुठे? इंजिन काढून टाकायचंय. तेल गळतं ना, फरशी खराब होईल."

घड्याळजी त्याच्याकडे बघतच राहिले. सहा गिऱ्हाइकं परत पाठवून त्यांनी याला पसंत केलं होतं. तीन प्रश्न विचारले होते. रंग बदलणार नाही ना? उन्हात ठेवणार नाही ना? पुढे दुसऱ्याला विकणार नाही ना? तिन्ही वेळा तो "नाही" म्हणाला होता आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. गाडी घेणाऱ्याला "चालवणार का" असं विचारावं लागतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्हाला हवं असेल तर इंजिन घरी पाठवून देतो," सोफेवाला मनापासून म्हणाला.

रागवावं तर त्याने काही केलंच नव्हतं. घड्याळजींनी दाराकडे पाहिलं. त्यांची बायको तिथे उभी राहून सगळं ऐकत होती.

"सही केलीत ना?" तिने हळूच विचारलं.

"केली."

"मग?"

"मग काय."



गाडी न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने मागची रुंद फळी जमिनीला टेकवली आणि तो बाईसाहेबांत जाऊन बसला. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पेडल तुडवलं, चोक ओढला, एक शिवी तोंडातल्या तोंडात गिळली. गाडी ढिम्म.

घड्याळजींच्या तोंडावर एकदम उजेड आला. "बघा," ते लगबगीने म्हणाले, "ही अशी आहे. मी तुम्हाला फसवणार नाही. अजून विचार करा."

"असू द्या हो काका," सोफेवाला हसला. "इंजिन काढायचंच आहे. ढकलू या."

ड्रायव्हर उतरला. तो आणि सोफेवाला मागे गेले आणि त्यांनी जोर लावला, तशी गाडी तिरपी जाऊन तिचं दार फळीच्या कडेला घासता घासता राहिलं. घड्याळजी "जपून, जपून!" करत पुढे सरकले.

तेवढ्यात त्यांची बायको पायऱ्या उतरून आली आणि मागच्या डाव्या दिव्यापाशी जाऊन उभी राहिली. नऊ वर्षं तिची तीच जागा होती. रस्त्यात गाडी बंद पडली की ते दारापाशी, एक हात आत स्टिअरिंगवर, आणि ती डाव्या दिव्यापाशी. गाडी सुरू झाली की ते उडी मारून आत बसायचे, तसेच पुढे जायचे आणि कोपऱ्यावर तिच्यासाठी थांबायचे.

"काकू, तुम्ही कशाला?" सोफेवाला म्हणाला. "आम्ही आहोत ना."

"डावीकडून रेटा लागतो तिला," ती म्हणाली. "नाहीतर ओरखडा येईल."

घड्याळजी दारापाशी गेले. खिडकीतून हात घालून त्यांनी स्टिअरिंग धरलं. समोरची फळी त्यांना धूसर दिसत होती, पण चाक किती वळवायचं ते हाताला ठाऊक होतं.

"हं, चला," ते म्हणाले.

सगळ्यांनी जोर लावला. गाडी हलली.

"कोपऱ्यावर थांबा हं," सवयीने बायकोच्या तोंडून निघून गेलं.

घड्याळजींनी मागे वळून पाहिलं नाही.

"थांबतो," ते म्हणाले, आणि गाडी सरळ फळीवर चढली.