हिरवा दोरा

कोंबडी पाय टेकेना. आसराबाईनं तिला मांडीवर आडवी घेतली, पदरानं तिचे डोळे झाकले आणि सुजलेला पाय कोमट मिठाच्या पाण्यात धरला. डोळे झाकले की कोंबडी गप राहते. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आसराबाई कोंबडीशीच बोलत होती.

"कवाची लंगडून राह्यलीस. कशात पाय घातलास गं? काटा बी दिसंना."

मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरगा, कल्याण, जालना शहरात बियाण्याच्या कंपनीत होता. फोन करायचा, "जेवलीस का," विचारायचा आणि ठेवून द्यायचा. शेजारच्या पुष्पाबाईचं घर हाकेवर होतं, पण संक्रांतीपासून दोघींत बोलणं नव्हतं. भांडण याच कोंबडीवरून झालं होतं.

टेंभुर्णीच्या त्या आळीत सगळ्यांच्या कोंबड्या एकत्र चरायच्या. म्हणून जिनं तिनं आपल्या पिलांच्या पायात खूण बांधायची. आसराबाईची लाल चिंधी, पुष्पाबाईचा हिरवा दोरा. संक्रांतीला पुष्पाबाई म्हणाली, "आसरामाय, ही कबरी तलंग माझी हाय." आसराबाईनं चार बायांत त्या तरण्या कोंबडीचा पाय उचलून दाखवला.

"तुझी हाय, तं तुझा दोरा कुठंय?"

पायात लाल चिंधीच होती. "पुन्हा माझ्या अंगणात येऊ नको," म्हणत आसराबाईनं दोन अंगणांमधल्या काटेरी कुपाटीची फट बोराटीच्या फांद्या कोंबून बुजवून टाकली. त्या फटीतून रोज दुपारी पुष्पाबाई चहाला यायची. तेव्हापासून आसराबाई एकटीपुरताच चहा टाकायची.

पाण्यानं खपली मऊ झाली. आसराबाईनं घट्ट बसलेली चिंधी नखानं सोडवली. खाली कातडीत चर पडला होता आणि चरात काहीतरी रुतलं होतं. तिनं पाय उन्हात धरला, बोटानं पाणी पुसलं.

दोरा होता. हिरवा.

पिलू असताना बांधलेला. पाय वाढला तसा तो कातडीत गेला, दिसेनासा झाला, आणि बिनखुणेची समजून त्याच्यावर तिनंच आपली चिंधी बांधली.

दोरा काढला नाही तर कोंबडीचा पाय जाणार. एकीनं धरायचं आणि दुसरीनं कापायचं, असं ते काम. आळीतल्या दुसऱ्या कुणा बाईला बोलावलं, तर दोरा हळूच चुलीत टाकता आला असता. कुणाला काही कळलं नसतं.

"पुष्पे," तिनं कुपाटीवरून हाक मारली. "जरा ये. कोंबडीचा पाय धरायचा हाय."

पलीकडं कडी वाजली. पुष्पाबाई सगळ्या आळीला वळसा घालून पुढच्या दारानं आली.

"कोंबडीसाठी का व्हईना, तोंड उघडलं म्हणायचं," ती म्हणाली आणि समोर बसून तिनं पाय धरला.

आसराबाईनं नव्या ब्लेडनं दोरा तोडला, सुईच्या टोकानं अलगद उपसून काढला. जखमेत हळद आणि खोबरेल भरलं. वर पट्टी बांधली, या खेपेला सैल. कोंबडीला कोरड्या पोत्यावर सोडलं. मग तो ओला दोरा पुष्पाबाईच्या तळहातावर ठेवला.

"तुझी हाय. घेऊन जा."

पुष्पाबाईनं दोऱ्याकडं पाहिलं, मग कोंबडीकडं. गुडघ्यावर हात देत ती सावकाश उठली.

"कोंबडी राहू दे इथंच. त्या फटीतलं बोराटं तेवढं काढ. उद्या पट्टी बदलाया यायचं, तं एवढा वळसा माझ्या पायाला झेपत न्हाई."