बारकीची नळी

“हात सैल सोड गं. मी काय चावणार आहे?” ताईंनी बारकीच्या दंडाला रबर आवळलं आणि कोपराच्या खळीत बोटाने चाचपलं. शीर काही सापडेना.

“रक्त तरी आहे का तुझ्या अंगात?”

“असेल की उरलंसुरलं,” बारकी म्हणाली. तिच्या गालात बर्फाचा खडा होता, तो ती कडाकडा चावत होती. मासळी बर्फात भरायच्या टेबलाशी सगळ्याच बायका उभ्या असायच्या, पण बर्फ खायचा नाद हिलाच. ताई त्यावर कधी रागावल्या नाहीत. गोडाला मुकलेली बाई, काहीतरी चघळणारच.

बारकी दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेली. खरं नाव रजिस्टरात होतं, हाक मात्र हीच. मासळी गोठवायच्या त्या कारखान्यात ताई एकोणीस वर्षं रक्त काढत होत्या आणि नियम त्यांना तोंडपाठ होता. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेसहाच्या वर गेला, की इथल्या बाईला गोळ्यांचं पाकीट आणि बाहेरच्या बाईला परत पाठवणीचं पत्र. टेबल एकच, मासळी एकच, न्याय मात्र दोन! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण विचारतो कोण?

मागच्या खेपेला बारकीचा आकडा सहा पूर्णांक आठ आला होता. तिने हातापाया पडून तीन महिन्यांची मुदत मिळवली. ती आज संपली.

“साखर बंद, ताई. रात्रीचं जेवणही बंद केलं. जिना चढताना धाप लागते, पण आकडा उतरला असेल ना?”

“लेकीची परीक्षा कधी?”

“पुढच्या महिन्यात. तेवढी होऊ दे, मग कुठे पाठवायचं तिथे पाठवा.” बारकीने बर्फ गिळला. “तिकडे गेलो की तिच्या काकाने स्थळ बघूनच ठेवलंय. पंधरा वर्षांची आहे हो पोर. वर्गात दुसरी येते.”

ताईंनी सुई घातली. नळी कशीबशी भरली. रक्त पातळ होतं, पाणी घातल्यासारखं.

“कळलंसुद्धा नाही बघा. हात हलका आहे तुमचा,” बारकी उठता उठता म्हणाली. “अगंबाई, अंगठ्याची पट्टी अजून तशीच?”

“काच लागली होती. तीन आठवडे झाले, मेली जखम भरतच नाही. सारखा पाण्यात हात ना.” ताईंनी बाटली उचलून गटागटा अर्धी संपवली. “जा आता. तुमच्याशी बडबडून घशाला कोरड पडते माझ्या.”

बारकी गेली. ताई त्या फिकट नळीकडे बघत बसल्या. पंधरा वर्षांची पोर. त्यांची स्वतःची लेक पंधराची असताना शिंकली तरी त्या डॉक्टर गाठायच्या.

त्यांनी उठून दाराला कडी घातली. रबराचं एक टोक दातात धरलं, दुसरं ओढलं आणि आपल्याच हातात सुई घातली. लालभडक रक्त सरसर नळीत चढलं. ताई खूश झाल्या. ना ताप, ना खोकला, ना कसलं औषध. अशी ठणठणीत बाई कारखान्यात दुसरी दाखवा! हजारोंच्या नळ्या त्यांनी भरल्या होत्या, स्वतःची भरायची वेळ कधी आली नव्हती. बारकीच्या नावाची चिठ्ठी त्यांनी नव्या नळीला लावली. बारकीचं रक्त टाकाऊ डब्यात गेलं.

त्या रात्री त्यांना फार समाधान वाटलं. पाण्यासाठी दोनदा आणि मोरीसाठी तीनदा उठावं लागलं, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद घेऊन खोलीत आल्या. बाई नवीन, कडक. ताई मनात त्यांना इस्त्री म्हणायच्या.

“ताई, त्या बारकीसाठी मी एक उद्योग केला होता. साहेबांच्या कानावर घालू नका.”

“काय हो?”

“मागच्या वेळी तिच्या पापण्या आतून बघितल्या मी. पांढऱ्याफटक. सारखा बर्फ चावते, धाप लागते. मला वाटलं, हिला साखर नाहीच. अंगात लोह कमी पडलं की हा आकडा खोटाच वर चढतो. इथल्यांचं लोह आपण बघतो, बाहेरच्यांचं खर्च नको म्हणून बघत नाही. या वेळी मी तिच्या नळीतून दोन्ही बघायला लावलं. लोह कमी आलं असतं, तर सही करून ठेवूनच घेणार होते तिला. नियमात बसतं ते.”

ताईंची नजर कोपऱ्यात गेली. टाकाऊ डबा परवाच रिकामा झाला होता. पण मग त्यांनीच स्वतःला समजावलं. आकडा चांगला असला म्हणजे झालं, लोह कोणाला हवंय?

“मग सुटली ना ती?”

“कुठली सुटतेय! लोह उत्तम आणि साखर अकरा पूर्णांक चार. चोरून खात असणार. दोनदा तपासून घेतलं. क्षणभर वाटलं, नळी बदलली असेल. मग म्हटलं, छे! ताईंच्या हातून? एकोणीस वर्षांत एकदा तरी झालंय का असं?” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “परवा जावं लागेल मायलेकींना. बाहेर उभी आहे ती. तुम्हीच सांगा, तुमच्यावर फार विश्वास आहे तिचा.”

दाराबाहेर कोणीतरी कडाकडा बर्फ चावत होतं.

ताईंची जीभ टाळ्याला चिकटली होती. त्यांनी बाटली तोंडाला लावली. आत थेंबही नव्हता. सकाळपासूनची ती चौथी बाटली होती.