पसंतीचं मेडिकल कॉलेज

"हेही नको," अण्णा म्हणाले आणि सरळ गाडीकडे चालू लागले.

लेकीने कपाळावर हात मारला. आज तिने पुन्हा अर्धी रजा टाकली होती. "अण्णा, केवढं नाव आहे या कॉलेजचं! इथे प्रवेश मिळावा म्हणून लोक जिवाचं रान करतात."

"नाव काय चाटायचंय? मागच्या बाकांवरचे सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. आणि शिकवणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे."

"मग आधीचं काय वाईट होतं?"

"ते गावाबाहेर. ऐन वेळी ट्रॅफिकमध्ये अडकलो, की सगळंच मुसळ केरात."

"माझ्या वेळी म्हणालात, मिळेल त्या कॉलेजात जा. माझ्या लग्नातसुद्धा एवढी चिकित्सा केली नव्हतीत!"

"म्हणून तर आता करतोय."

जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. समोरच्याला चिडवून स्वतः थंड राहणं त्यांच्या अंगात मुरलं होतं. आईने केव्हाच हात टेकले होते. काय करायचं ते करा, पण जेवताना हा विषय नको, एवढंच तिचं म्हणणं.

लेक धुसफुसतच पुढच्या कॉलेजात घेऊन गेली. जुनी इमारत, लिफ्ट बंद. जिना चढताना अण्णांना दम लागला. वर बाकावर फाइल घेतलेला एक गृहस्थ घाम पुसत होता. त्याने सरकून जागा दिली.

"नातीसाठी आलात?"

"पोरांसाठीच. आपण दुसऱ्या कोणासाठी करतो?"

लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

शेजारच्या वर्गाचं दार उघडं होतं. प्राध्यापकबाई हाताच्या नसा समजावत होत्या. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. तो पुन्हा चुकला, वर्ग हसला.

"हसू नका रे. चल, परत पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही.

अण्णा उठून चौकटीला टेकले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत.

"हे पक्कं."

"नक्की ना? नंतर शब्द फिरवाल. भिंतींचे पोपडे बघा. लिफ्टसुद्धा नाही."

"लिफ्टचं मला काय करायचंय?"

कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज पुढे केला. अण्णांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात सही केली. "आता घरच्यांची," कारकून म्हणाला.

लेकीने पेन घेतलं आणि ती तशीच बसून राहिली.

"आता काय झालं? आवरा, आवरा म्हणून तूच मागे लागली होतीस ना?"

"तुमच्यापुढे कोण बोलणार!" तिने कागद फाटेल इतकं दाबून सही केली.

कारकुनाने शिक्का मारला, एक छोटं कार्ड तिच्या हातात ठेवलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, हा नंबर जपून ठेवा. आजोबा गेले, की लगेच कळवा. देह न्यायला आमचीच गाडी येईल."